मुअज्जल : रोख की उधार?

मागच्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीला माझ्याच वर्गात होती. उर्दूही माझ्याकडे आणि मराठीही माझ्याकडेच. आता तिचं डी.एल.एड. झालंय, टीईटी दुसऱ्या प्रयत्नात निघाली, आणि घरात स्थळांची ये-जा सुरू आहे. चहाचा कप हातात धरून ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली. मी स्वयंपाकघरात गेले तशी मागोमाग आली आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, आधी निकाह की आधी नोकरी?"

दर वर्षी दोन-तीन मुली तरी मला हा प्रश्न विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी स्वतःच्या पायावर उभी राहा." ऐकायला बरं वाटतं, शिक्षिकेच्या तोंडी शोभतंही. पण त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघेना. कारण मी स्वतः तसं केलेलं नाही. माझा निकाह आधी झाला, बी.एड. नंतर, आणि नोकरी त्याच्याही पुष्कळ नंतर. हे सगळं कसं जमलं, ते मी कुठल्याच मुलीला कधी नीट सांगितलं नव्हतं. तिला त्या दिवशी सांगितलं. तेच इथे लिहिते आहे.

आधी तिची अडचण समजून घ्या. 'आधी नोकरी' म्हणणं सोपं आहे, पण नोकरी लागणार किती वर्षांनी? महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. पुढे नुसत्या टीईटीवर भागेना. 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. त्यानंतरची चाचणी झाली थेट 2023 मध्ये. मधल्या काळात ज्या मुलींची पदविका पूर्ण झाली, त्यांची ऐन उमेदीची वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. निवड झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन 6,000 रुपये होतं, ते 2023 मध्ये 16,000 झालं. आणि पोस्टिंग मिळेल त्या जिल्ह्यात. आता सांगा, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या बापाला 'आधी नोकरी होऊ द्या' असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तो विचारणारच, "किती साल मॅडम?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

माझ्या वेळी तर हा प्रश्नही कुणी विचारला नाही. 2001 च्या मे महिन्यात बी.ए.चा निकाल लागायच्या आधी माझा निकाह लागला. अब्बा 1996 मध्ये गेले होते. अम्मी परकर-पोलकी शिवून घर चालवत होती आणि माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या. त्यामुळे चांगलं स्थळ आल्यावर 'नको' म्हणायची सोय नव्हती. हे मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पगार बेताचा, पण माणूस निर्व्यसनी आणि हिशेबाला पक्का. बैठकीत मामू आणि यांचे चुलते तासभर मेहरवर बोलले. पंधरा हजारांवरून सुरुवात झाली आणि अकरा हजारांवर मिटलं. मी आतल्या खोलीत होते. मला आकडा कळला तो वकील आणि साक्षीदार माझी कबुली घ्यायला आले तेव्हा. "अकरा हजार रुपये सिक्का-ए-राइजुल-वक्त, कबूल है?" मी मान डोलावली. ते पैसे कधी मिळणार हे मी विचारलं नाही. कुणीच विचारत नाही.

मेहर म्हणजे काय ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. सूरह निसाच्या सुरुवातीलाच हुकूम आहे की बायकांचा मेहर खुशीने द्या, आणि त्यांनी आपल्या मर्जीने त्यातलं काही सोडलं तर ते खुशाल घ्या. म्हणजे देणं हे फर्ज आणि सोडणं ही तिची मर्जी. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. सोडणं हे बाईचं कर्तव्य झालंय आणि देणं ही नवऱ्याची मर्जी.

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अब्बांची मय्यत अंगणात ठेवली होती. जनाजा उचलायची घाई चालली होती. तेवढ्यात मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्ग बायका अम्मीला दोन्ही दंडांना धरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मेहर माफ कर गे. बोल, माफ किया." अम्मीला धड उभंही राहवत नव्हतं. तिचा निकाह झाला तेव्हा मेहर पाचशे पंचवीस रुपये ठरला होता. ती पुटपुटली, "माफ किया." मग जनाजा निघाला. मी तेव्हा अकरावीत होते. मला वाटलं, हाही मय्यतीचा एक विधी असेल, गुसल-कफनासारखा. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं, तो वारला तर वारसांच्या वाटण्या होण्याआधी ते फेडायचं असतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

निकाहनंतर दोन वर्षांनी बी.एड.चा विषय निघाला. थोरली लेक वर्षाची होती. यांचीच इच्छा होती मी शिकावं. अर्ज भरला, पण अनुदानित कॉलेजात नंबर लागला नाही. विनाअनुदानितला लागला. फीचा पहिला हप्ता दहा हजार रुपये, तोही पंधरा दिवसांत. यांनी हिशेब केला आणि मान हलवली. "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीचं मला चांगलं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी कुणाचं तरी लग्न निघतं, कुणी तरी आजारी पडतं, नाहीतर दुसरं मूल होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी अम्मीकडे गेले आणि म्हटलं, "मी माझा मेहर मागते." अम्मीने मशीनवरचा पाय काढला. "पागल हुई क्या गे? मेहर कौन मांगता है? घर छोडके जानेवाली मांगती है." मी म्हटलं, "अम्मी, तो माझा हक्क आहे." ती म्हणाली, "हक है इसीच वास्ते नहीं मांगते."

या वाक्यावर मी आजही विचार करते. आपल्याकडे हक्क मागणं म्हणजे नातं तुटल्याची खूण. नातं चांगलं आहे हे दाखवायचं तर हक्क मागायचा नाही. मग तो हक्क कामाला येणार तरी कधी?

मी मागितला. जेवण वाढताना, खाली मान घालून. हे काही बोलले नाहीत. जेवून उठले, दुकानावर गेले. सासूबाईंनी मात्र ऐकलं होतं. दुपारपर्यंत नणंदेला कळलं, संध्याकाळपर्यंत गल्लीत. शेजारणीने हळूच विचारलं, "सब ठीक है ना? मैके जारही क्या?" तीन दिवस आमच्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. मला पहिल्यांदा भीती वाटली की दहा हजारांपायी मी काहीतरी मोडून ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी रात्री यांनी कपाटाखालची लोखंडी पेटी ओढली. त्यातून निकाहनामा काढून माझ्यापुढे ठेवला. "वाच, काय लिहिलंय." यांचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. कुरआन पढता येतो, पण उर्दू मजकूर सरसर वाचता येत नाही. मी वाचायला लागले. छापील फॉर्म होता. मेहरच्या रकान्यात शाईने लिहिलेला आकडा, आणि त्याच्या पुढे छापलेले दोन शब्द, 'मुअज्जल' आणि 'मुअज्जल'. त्यातला एक खोडायचा असतो. आमच्या फॉर्मवर एकही खोडलेला नव्हता.

"एकच शब्द दोनदा का छापलाय?" यांनी विचारलं.

शब्द एक नव्हता. मी पाटीवर लिहून दाखवलं. आपण मराठीत लिहितो तेव्हा दोन्ही 'मुअज्जल'च दिसतात, बोलतानाही दोन्ही सारखेच ऐकू येतात. उर्दूत मात्र पहिला 'ऐन'ने लिहितात. 'उजलत' म्हणजे घाई, हा शब्द त्याच मुळातला. ऐनवाला मुअज्जल म्हणजे लगेच द्यायचा मेहर. दुसरा शब्द 'वाव'वर 'हमजा' देऊन लिहितात. त्याचं मूळ 'अजल'. अजल म्हणजे ठरलेली मुदत, आणि उर्दूत अजल म्हणजे मृत्यूसुद्धा. हमजावाला मुअज्जल म्हणजे पुढे कधीतरी द्यायचा मेहर. तो वसूल होतो तलाक झाल्यावर, नाहीतर दोघांपैकी एकाला मौत आल्यावर.

"म्हणजे रोख की उधार," हे म्हणाले.

"हो."

"आणि काझीसाहेबांनी दोन्ही ठेवलंय."

"हो."

"मग ठरवायचं कुणी?"

मी जे वाचलं होतं ते सांगितलं. कागदावर स्पष्ट नसेल तर तिथला रिवाज बघतात. आणि आपल्याकडचा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. सगळं उधार. मनातल्या मनात मी हरले होते. कायदा बघितला तर हे 'नाही' म्हणू शकत होते, आणि त्यांना कुणीही वाईट म्हटलं नसतं.

हे बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "अडतीत पट्टीवर रोख-उधार लिहायचं राहिलं तर शेतकरी रोखच समजतो. आणि तो बरोबर असतो. ज्यानं माल घेतला त्याने लिहून घ्यायचं असतं, ज्यानं दिला त्याने नाही."

दुसऱ्या दिवशी यांनी मालकांकडून पाच हजार उचल घेतली. उरलेले पाच हजार मामूने तीन महिन्यांच्या बोलीवर दिले. फी भरली. रविवारी यांनी दुकानातून एक कोरी लाल खतावणी आणली. पहिल्या पानावर वर '786' लिहिलं आणि खाली मराठीत 'मेहर खाते'. देणे 11,000. दिले 5,000. बाकी 6,000. मला म्हणाले, "सही कर." मी हसले. ते हसले नाहीत. "हिशेब म्हटल्यावर सही पाहिजे."

सासूबाई कितीतरी महिने माझ्याशी मोजकंच बोलल्या. "घरात काय दुकान मांडलंय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. पण हेही लिहिलं पाहिजे की सराव पाठांच्या दिवसांत माझ्या लेकीला सांभाळलं त्यांनीच. पाठ टाचणाची वही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिहीत बसायचे, तेव्हा दिवा बंद कर असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. एकदा टाचणाच्या वहीकडे बघून म्हणाल्या, "मेरा तो एकसौ पच्चीस था." एवढंच. त्यांचे मियां जाऊन वीस वर्षं झाली होती. मी पुढे काही विचारलं नाही.

बी.एड.ला शिक्षणाच्या इतिहासाचे तास असायचे. एक दिवस सरांनी रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगितला. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची. एकदा त्यांना खायला धान्य नव्हतं, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. वर्गात सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही. आपल्या भागात ही गोष्ट शाळाशाळांत सांगतात, आणि सांगितलीच पाहिजे. पण घरी येताना बसमध्ये माझ्या मनात एक विचार आला. बायकोचं सोनं नवऱ्याच्या कामाला लागलं तर त्याची भाषणं होतात. नवऱ्याचं बायकोला असलेलं देणं बायकोच्या शिक्षणाला लागलं, तर गल्लीत कुजबुज का होते? लक्ष्मीबाईंनी दिलं ते त्यांचं होतं आणि त्यांनी खुशीने दिलं. मी मागितलं तेही माझंच होतं.

त्याच तासाला सावित्रीबाईंचं पत्र वाचलं. ऑक्टोबर 1856 मध्ये त्या आजारपणात माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतिबांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाची काळजी आहे. आपण तिथे नाही, सगळं काम तिच्या एकटीवर पडलं असणार, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्या लिहितात. फातिमा शेख यांच्याबद्दल आपल्याकडे कागदपत्रं थोडी आहेत. एका नवऱ्याला त्याच्या बायकोने लिहिलेल्या पत्रात हे नाव सापडतं, याचं मला अप्रूप वाटतं. नवरा-बायकोच्या पत्रात शाळेच्या कामाची, कोणावर किती भार पडला याची चौकशी आहे. 1856 साली हे होऊ शकत होतं.

बी.एड. पहिल्या वर्गात सुटले. तेव्हा ते एकच वर्षाचं होतं. 2015 पासून दोन वर्षांचं झालं. पण पदवी हातात आल्यावर कळलं की खरं अवघड पुढेच आहे. एका ठिकाणी मुलाखत छान झाली, आणि मग कुणीतरी व्हरांड्यात गाठून 'इमारत निधी'चा आकडा सांगितला. आमच्या घराची दहा वर्षांची कमाई. हे म्हणाले, अम्मीने घातलेल्या बांगड्या मोडू. मी म्हटलं, नाही. मेहर मागताना मी जे ताठ उभी राहिले, ते लाच द्यायला नाही. मग पाच वर्षं तासिका तत्त्वावर काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पैसे नाहीत, दिवाळीत नाहीत. रिक्षाचं भाडं वजा केलं तर हातात काय उरायचं ते लिहायलाही लाज वाटते. घरात लोक म्हणायचे, "इतनेसे वास्ते जाना क्या?" मी जायचे. वर्गात उभं राहिलं की मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून नसायचे, एवढं तरी होतं.

मेहर खात्यात अधूनमधून पाचशे, कधी दोनशे जमा होत राहिले. 2005 च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला. हरिपूरकडच्या पेवांत पाणी शिरलं. ज्यांना पेव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हळद साठवायची ही जमिनीतली खोल कोठारं. वर्षानुवर्षं माल आत राहतो, भाव आला की काढायचा. त्या वर्षी पुष्कळांची हळद आत नासली. बाजार थंडावला, यांचा पगार दोन महिने थकला. मेहर खात्यात तेव्हा पंधराशे बाकी होते. मी म्हटलं, "आता राहू द्या, मी माफ करते. मनापासून." हे म्हणाले, "पूर ओसरल्यावर बोलू." डिसेंबरमध्ये यांनी पंधराशे आणून दिले. खतावणीत शेवटची नोंद केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि 'बाकी निरंक' लिहिलं. सही माझी.

मी ती खतावणी अम्मीला दाखवायला नेली. तिला मराठी अक्षरं नीट लागत नाहीत, मी वाचून दाखवली. ती बराच वेळ त्या दोन रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मैं दिल से माफ नहीं की थी." मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. "तेरे अब्बा को. सब खडे थे, क्या बोलती?" पाचशे पंचवीस रुपयांची गोष्ट नव्हती ती. त्या पैशाने काही झालं नसतं. पण त्या क्षणी तिला विचारायला हवं होतं, आणि विचारण्याच्या नावाखाली तिच्याकडून वदवून घेतलं होतं. नऊ वर्षं हे तिने मनात ठेवलं होतं.

2009 मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून लागले, 2012 मध्ये कायम झाले. पहिला पूर्ण पगार हातात आला तेव्हा यांना म्हटलं, "याच्यावर तुमचा हक्क नाही, ठाऊक आहे ना?" सूरह निसातच आहे, बायकांनी जे कमावलं त्यातला हिस्सा बायकांचा. हे म्हणाले, "ठाऊक आहे. पण गॅस संपलाय." आम्ही दोघंही हसलो. पगार घरात गेला, आजही जातो. पण तो मी देते, कुणी घेत नाही. यात किती फरक आहे ते जिने दोन्ही पाहिलं तिलाच कळेल.

लोक मला म्हणतात, "तुमचं नशीब चांगलं, नवरा चांगला मिळाला." खरं आहे. अलहम्दुलिल्लाह. पण याच वाक्याची मला भीती वाटते. माझं शिक्षण, माझी नोकरी एका भल्या माणसाच्या भलेपणावर उभी राहिली. यांनी त्या रात्री 'उधार' असं म्हटलं असतं तर मी आज हा लेख लिहीत नसते. माझ्याबरोबर बी.ए. झालेल्या, माझ्यापेक्षा हुशार मुली आज कुठे आहेत मला ठाऊक आहे. त्यांचे नवरे वाईट नव्हते. त्यांनी फक्त 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं, आणि ते म्हणायची सोय त्यांना कागदाने दिली होती. काझीसाहेबांनी एक शब्द खोडला असता तर मला कुणाच्या चांगुलपणाची वाट बघावी लागली नसती.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, आधी निकाह की आधी नोकरी याने फार फरक पडत नाही. तो क्रम तुझ्या हातात नाही, पवित्र पोर्टलच्याही हातात नाही. तुझ्या हातात निकाहनामा आहे. त्यात दोन ओळी लिहून घे. एक, मेहर ऐनवाला मुअज्जल, किती आणि कधी. दुसरी, निकाहनंतर परीक्षा देईन आणि नोकरी लागली तर करेन, पोस्टिंग कुठेही असो. आपला निकाह हा करार आहे, त्यात अटी घालता येतात. हे काही मी नवं काढलेलं नाही.

आठवड्याने तिचे वडील आले. भला माणूस, गणपती पेठेत हमाली करतो. दारातच उभं राहून म्हणाले, "मॅडम, मुलाकडचे म्हणतील, मुलगी आत्ताच हिशेब मांडतेय."

मी म्हटलं, "भाई, बसा तर खरं. बैठकीत तासभर मेहरची घासाघीस होते, तो हिशेब नसतो का?"

"तो मर्दांचा असतो," ते पटकन बोलून गेले आणि मग स्वतःच ओशाळले.

मी त्यांना आमची लाल खतावणी दाखवली. वीस वर्षांत ती घराबाहेरच्या कुणाला दाखवली नव्हती. त्यांनी पानं उलटली, सह्या बघितल्या. जाताना विचारलं, "भाईसाहेबांनी हे मनापासून केलं?" हे आतून म्हणाले, "मनापासून काय, देणं होतं ते दिलं."

त्यानंतर बैठक झाली. मुलाकडचे मेहरच्या ओळीला तयार झाले. निम्मा निकाहच्या वेळी, निम्मा सहा महिन्यांत. नोकरीच्या ओळीला मात्र म्हणाले, "तोंडी सांगतो ना, लिहायला कशाला हवं?" मुलगी म्हणते, लिहिलंच पाहिजे. वडील मध्ये अडकलेत. अजून ठरलेलं नाही. ठरेल, मोडेल, मला माहीत नाही. मोडलं तर मोहल्ल्यात नाव माझं येणार, हेही मला ठाऊक आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, फॉर्म आणलाय. ऐनवाला शब्द उजवीकडचा आहे, बरोबर ना?"

वाचकांना एक विनंती आहे. आज घरी तुमचा निकाहनामा काढून बघा. मेहरच्या रकान्यात कोणता शब्द खोडलाय, की दोन्ही तसेच आहेत? नवऱ्यांनो, देणं बाकी असेल तर एक वही आणा आणि पहिली नोंद करा, शंभर रुपयांची का असेना. बायकोला माफ करायचं असेल तर ती करेल, पण आधी तिच्या हातात तर येऊ द्या. आणि कुणाच्या मय्यतीला गेलात, आणि एखाद्या बाईला दंडाला धरून उभं केलेलं दिसलं, तर पुढे होऊन एवढंच म्हणा, "तिला बसू द्या. तिच्याकडून काही वदवून घेऊ नका."